फाटकावरचं टेबल

गावसमितीची माणसं दुपारी येणार होती आणि थोरल्यांनी सकाळपासूनच परोपकाराला सुरुवात केली होती. चहा घेता घेता त्यांनी ड्रायव्हरला जवळ बोलावून त्याच्या घरची चौकशी केली. इतक्या वर्षांत मालकांनी असलं काही विचारलं नव्हतं. आपली नोकरी चालली अशी त्या बिचाऱ्याची खात्री झाली आणि तो दिवसभर गाडीच पुसत बसला.

मग थोरले चिरंजीवांना घेऊन फाटकावर आले. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, ते लांबलचक लाकडी टेबल होतं, ज्याच्या जिवावर हे घराणं दोन पिढ्या स्वतःला दानशूर म्हणवून घेत आलं होतं. शेतात पिकलेला, पण बाजारात न चालणारा माल रोज संध्याकाळी या टेबलावर मांडायचा आणि गावातल्या ज्याला हवा त्याने फुकट न्यायचा, ही वडिलांच्या वेळची रीत. दोन तंगड्यांची गाजरं, उन्हाने हिरवे पडलेले बटाटे, अळीने अर्धा जेवून उरलेला कोबी. "हे शेत गावाला जगवतं," असं वडील म्हणत. थोरलेही म्हणत, पण वडिलांपेक्षा जास्त वेळा.

आज मात्र टेबलाकडे बघून त्यांचं तोंड कडू झालं. कालचा माल अजून पडून होता.

"हे दाखवायचं समितीला?"

"बाबा, मुद्दा मांडणीचा आहे," चिरंजीव म्हणाले. ते शहरातून शेतीव्यवस्थापन शिकून आले होते आणि त्यांना चिखलाची ॲलर्जी होती. "आपण देतो खूप, पण दिसतं कमी. आज एक नंबरचा माल ठेवू. टोपल्यांत. वर पाणी शिंपडून."

"आणि हा?"

"हा घराच्या कोठीत टाकू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

प्रश्न एका दिवसाचा होता हे खरंच. फाटक, टेबल आणि त्यामागची माल निवडायची शेड ज्या जमिनीवर होती, ती या घराण्याची नव्हतीच. ती गावाची सामाईक जमीन. वडिलांनी ती भाडेपट्ट्याने घेतली होती आणि पट्टा यंदा संपत होता. तो वाढवायचा की नाही हे समिती ठरवणार होती, आणि ठरवण्याआधी तिला एवढंच बघायचं होतं की शेत गावासाठी नेमकं करतं काय. इतका साधा प्रश्न या घराला आजवर कुणी विचारला नव्हता, त्यामुळे सगळे धास्तावले होते.

टेबल धुतलं गेलं. निर्यातीला जाणारे गुळगुळीत बटाटे आले, एका मापाची गाजरं आली, लालचुटूक टोमॅटो आले. मागे चिरंजीवांनी स्वतः रंगवलेली पाटी लागली: ‘आमचं शेत, आपलं गाव’. थोरल्यांनी चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि त्यांचा ऊर भरून आला. आपण इतके चांगले आहोत हे त्यांनाही आजवर असं समोर दिसलं नव्हतं.

*

शेडमध्ये धाकटी खाली वाकून फरशी बघत होती. घराची धाकटी सून, आणि ही शेड चालवणारी. लग्न करून आली त्याच वर्षी सासऱ्यांनी तिला इथे उभं केलं, "कुणीतरी घरचं हवं" म्हणून, आणि मग विसरून गेले. लांब फळ्यांपाशी गावातल्या पंचवीस-तीस बायका उभ्या राहून माल निवडत. मोठा, मधला, बारीक, टाकाऊ. त्यांची घरं या कामावर चालत होती. घराण्याच्या दानशूरपणात या पगाराचा उल्लेख कधी होत नसे, कारण तो घाम गाळून कमावलेला होता आणि त्यात उपकाराला जागा नव्हती.

फरशीवर खडूचे पट्टे होते. काल नव्हते.

"अहो, हे पट्टे कशाचे?" तिने नवऱ्याला विचारलं.

धाकटे, म्हणजे थोरल्यांचे भाऊ, खोकी मोजल्यासारखं करत दाराशी उभे होते. "कुठले?"

"ज्यावर तुम्ही उभे आहात ते."

धाकट्यांनी एक पाय उचलून खाली बघितलं, मग दुसरा.

"यंत्र यायचंय," ते शेवटी म्हणाले. "माल निवडायचं. एका बाजूने ओतायचा, दुसऱ्या बाजूने निवडून येतो. पहाटे माणूस येऊन मापं घेऊन गेला. जमिनीचा भाडेपट्टा वाढला की बसवायचं असं दादा म्हणाला."

"आणि या बायका?"

"बघू, म्हणाला."

"बघू म्हणजे?"

"म्हणजे... दोघी-तिघी लागतील. झाडलोटीला."

आतल्या बायकांचे हात चालूच होते, पण बोलणं थांबलं होतं. फळीच्या टोकाला उभ्या असलेल्या मुकादमबाईंनी एक टोमॅटो हातात घेतला तो घेतलाच. धाकटीने नवऱ्याला दाराबाहेर ओढलं.

"तुम्ही काय म्हणालात दादांना?"

"मी हो म्हणालो."

गावात धाकट्यांना ‘होयबा’ म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. लहानपणी थोरल्याने विचारलं, काच तू फोडलीस ना, तर हा हो म्हणाला होता, आणि काच फोडली होती थोरल्याने.

"लग्नाच्या वेळी दादांनी तुम्हाला विचारलं, ही मुलगी पसंत आहे का. तेव्हाही हो म्हणालात," ती म्हणाली. "ते खरं होतं की सवय होती, हे मला अजून कळलेलं नाही."

"अगं, असं काय बोलतेस."

"आज या बायकांना समितीसमोर उभं करणार आहेत दादा. शेत आम्हाला जगवतं, असं त्यांच्या तोंडून वदवून घेणार. आणि त्याच शब्दांवर त्यांना हाकलणार. एवढं तरी कळतंय का तुम्हाला?"

"हो," धाकटे म्हणाले, आणि ओशाळले.

*

माडीवर मोठ्या वहिनी, म्हणजे थोरल्यांची बायको, आत्यांना सजवत होत्या. आत्या म्हणजे वडिलांची बहीण. वय झालेलं, कान शाबूत, आणि घरात सगळ्यांना वाटे त्यापेक्षा डोकंही शाबूत. त्यांना आज फाटकावर खुर्चीत बसवायचं होतं. म्हातारं माणूस असलं की घराण्याला वजन येतं, असं थोरल्यांचं मत.

"काय म्हणायचं ते लक्षात आहे ना, आत्या? ‘माझ्या भावाला गावाची भूक बघवली नाही, म्हणून त्याने हे टेबल मांडलं.’"

"माझ्या भावाला?" आत्यांनी विचारलं. "बघवली नाही?"

"म्हणा की. काय जातंय."

धाकटी आत आली, ती दार न वाजवताच. "वहिनी, यंत्राचं तुम्हाला माहीत होतं?"

मोठ्या वहिनींनी आत्यांच्या पदराची पिन नीट केली. त्या या घरात धाकटीच्या आधी आल्या होत्या आणि ते आधी येणं त्यांनी कधी वाया जाऊ दिलं नव्हतं.

"सगळं तुला विचारूनच व्हायला हवं का? पोरगा शिकून आलाय. काहीतरी नवीन करू दे त्याला."

"त्याने नवीन करावं आणि जुन्यांनी घरी बसावं."

"तू नाही बसणार घरी. तुला मी सांगते, तुझा त्या शेडमध्ये जीव अडकलाय तो मालकिणीसारखं मिरवता येतं म्हणून. घरात तुझं कोण ऐकतं?"

हे खरं होतं, म्हणून झोंबलं. पण भांडायला वेळ नव्हता.

"वहिनी, खिडकीशी या जरा."

"का?"

"या तर."

खिडकीतून शेडची मागची बाजू दिसत होती. खडूचा पट्टा शेडमधून बाहेर पडून अंगणातून सरळ मोठ्या वहिनींच्या गुलाबांच्या वाफ्यात शिरला होता. वाफ्यात दोन खुंट्या ठोकल्या होत्या. एक तर चक्क पिवळ्या गुलाबाच्या बुंध्याशी.

"हे काय?" मोठ्या वहिनींचा आवाज बदलला.

"यंत्राला माल आणणारे ट्रक मोठे असतात म्हणे. वळायला जागा लागते."

"मला कुणी बोललं नाही."

"सगळं तुम्हाला विचारूनच व्हायला हवं का?" धाकटी म्हणाली.

बाहेर गाडीचा आवाज आला. समितीची माणसं वेळेआधीच पोचली होती. मोठ्या वहिनी खुंट्यांकडे बघत उभ्या राहिल्या. पंचवीस-तीस बायकांचं काम जाणार हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. पिवळ्या गुलाबाने मात्र डोळ्यांत पाणी आणलं. माणुसकी कुठल्या वाटेने येईल ते सांगता येत नाही, आणि धाकटीला आज ती कुठल्याही वाटेने चालणार होती.

मोठ्या वहिनींनी वळून आत्यांना हात दिला. "चला आत्या. आणि हे बघा, ते मघाचं पाठ केलेलं राहू द्या. तुम्हाला जसं आठवतंय तसंच सांगा."

"जसं आठवतंय तसं?" आत्यांनी काठी उचलली. "बरं झालं. पाठांतर माझं कच्चंच आहे."

*

समितीच्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. चिरंजीवांना पाढे त्यांनीच शिकवले होते, त्यामुळे चिरंजीवांचं व्यवस्थापन त्यांच्यासमोर जरा आखडून उभं होतं. बरोबर दोन सदस्य होते. त्यांनी खुर्च्यांवर बसून घेतलं आणि पुढे शेवटपर्यंत माना हलवण्यापलीकडे काही केलं नाही.

समितीसाठी शेड आज लवकर सोडली होती. बायका फाटकातून बाहेर पडत होत्या, गावातली इतर माणसंही रस्त्याने जात होती. थोरले टेबलाशेजारी उभे राहिले, एक हात बटाट्यांवर ठेवून.

"हे आमचं गावाचं टेबल. ज्याला जे हवं त्याने ते न्यावं. विचारायचंसुद्धा नाही. वडिलांची शिकवण."

अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि सगळे गावाने येऊन न्यावं याची वाट बघू लागले.

गाव आलं, टेबलाकडे बघितलं, आणि पुढे गेलं. बायका तर टेबलाला वळसा घालून रस्त्याच्या पलीकडून निघाल्या. एकीचा पदर टोपलीला लागला तर तिने तो दचकून आवरला. थोरल्यांचं हसू हळूहळू वाळत चाललं.

"या ना," ते एका बाईला म्हणाले. "घ्या ना."

"नको, नको," ती म्हणाली आणि झपाझप चालू लागली.

"संकोचतात," थोरल्यांनी अध्यक्षबाईंना सांगितलं. "स्वाभिमानी गाव आहे."

एवढ्यात गावचा म्हातारा शिंपी पिशवी घेऊन आला. तो रोजचाच. त्याने टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, कापड तपासावं तसा एक बटाटा डोळ्यांजवळ नेला आणि अलगद जागेवर ठेवून दिला. मग गुडघ्यावर हात देऊन वाकला आणि टेबलाखाली बघितलं. तिथे काही नव्हतं. तो सरळ झाला.

"मालक, आजचं खराब कुठं ठेवलंय?"

कुणी बोललं नाही.

"नाही, म्हणजे आमचं," शिंप्याने समजावून सांगितलं. "हे विकायचं दिसतंय. आमचं कुठं आहे?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. चिरंजीव पाटी सरळ करायला गेले. ती सरळच होती.

"आत्या," थोरले घाईने म्हणाले, "तुम्ही सांगा ना बाईंना, या टेबलाची सुरुवात कशी झाली ते."

आत्यांनी मोठ्या वहिनींकडे बघितलं. मोठ्या वहिनी आपल्या बागेकडे बघत होत्या.

"खड्ड्यापासून झाली," आत्या म्हणाल्या. "आता टेबल आहे ना, त्याच्या मागे एक खड्डा होता. टाकाऊ माल त्यात पुरायचे. तर त्याला घाण सुटायची, डुकरं यायची, आणि पुरायला रोजच्या रोज माणसं लावावी लागायची. माझा भाऊ कावला होता. मग कुणीतरी त्याला म्हणालं, बाहेर टेबलावर ठेव, लोक नेतील. ठेवलं. लोकांनी नेलं. वर हात जोडले. भाऊ घरी येऊन इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, कचरा उचलायचं काम सुटलं आणि वर देवमाणूस झालो."

"आत्यांचं आता वय झालंय," थोरले म्हणाले.

"वय झालंय म्हणूनच खड्डा बघितलाय," आत्या म्हणाल्या.

अध्यक्षबाई उठल्या. "शेड बघू या का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चालू लागल्या. मागोमाग सगळी वरात निघाली. रस्त्यापलीकडे पोचलेल्या बायकाही परत फिरल्या, मुकादमबाई सगळ्यांच्या पुढे.

शेडमध्ये अध्यक्षबाई खडूच्या पट्ट्यापाशी थांबल्या. "हे काय?"

"रंगकाम," थोरले म्हणाले. "शेडला रंग द्यायचाय. बायकांना प्रसन्न वाटावं म्हणून."

"रंग फरशीला?"

"शेवटी फरशीही शेडचाच भाग आहे," चिरंजीव म्हणाले.

"मला वाटलं, काही यंत्र-बिंत्र येतंय. हाताने माल निवडायची ही शेड बंद होणार असं तर नाही ना?"

"छे. भलतंच. या शेडवर तर गाव जगतंय. उलट वाढवायची आहे. हो की नाही रे?"

धाकटे दाराशी, नेहमीच्या जागी उभे होते. अध्यक्षबाई त्यांच्याकडे वळल्या. शाळेत तोंडी परीक्षेला वळत तशाच.

"तुम्ही सांगा. शेड बंद होणार?"

धाकट्यांनी दादाकडे बघितलं. दादाच्या डोळ्यांत सगळं स्पष्ट लिहिलं होतं. मग त्यांनी फळ्यांपाशी जमलेल्या बायकांकडे बघितलं, त्यांच्यात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले.

बाहेर ड्रायव्हर गाडी पुसत होता, ते शेडमध्ये ऐकू आलं.

"अरे, प्रश्न काय विचारला तुला," थोरले दातओठ खात हसले. "शेड चालू राहणार ना?"

"हो," धाकटे म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

धाकट्यांनी पुन्हा एक पाय उचलून खाली बघितलं. "म्हणजे पट्टा मिळाला की यंत्र येणार. मग बंद होणार. असं ठरलंय. मी हो म्हणालोय."

मुकादमबाई पुढे झाल्या. मघाचा टोमॅटो अजून त्यांच्या हातात होता. "बाई, आम्हाला सकाळी सांगितलं होतं, समितीने विचारलं तर म्हणा, शेत आम्हाला जगवतं. तर विचारा. आम्ही काय म्हणायचं ते ठरवलंय आता."

थोरले अडाणी नव्हते. आपण बुडतोय हे त्यांना लगेच कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांनी ती गोष्ट केली जी या घराण्यातले पुरुष पिढ्यान् पिढ्या करत आले होते. त्यांनी भाषण केलं.

यंत्राचा विचार झाला होता, हे ते लपवणार नव्हते. पण आज, या क्षणी, या माउल्यांचे चेहरे बघून त्यांचं मन पालटलं होतं. यंत्राला हृदय नसतं. शेड बंद होणार नाही; हा त्यांचा शब्द होता. बोलता बोलता त्यांचा गळा दाटून आला, आणि वाईट म्हणजे खरोखरच दाटून आला. दोन सदस्यांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग हे भाडेपट्ट्यातच घालू. या शेडमध्ये गावातली माणसं हाताने माल निवडतील तोवर जमीन तुमच्याकडे. ज्या दिवशी काम बंद, त्या दिवशी जमीन गावाची. शब्द तुमचाच आहे. चालेल ना?"

थोरल्यांनी एकेकाकडे बघितलं. चिरंजीव जमिनीकडे बघत होते. मोठ्या वहिनी म्हणाल्या, "चालेल की. न चालायला काय झालं?" थोरल्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्या बायकोची भीती वाटली.

"चालेल," ते म्हणाले.

*

समिती गेली. बायका फाटकाशी घोटाळत होत्या, पण टेबलाला अजूनही कुणी हात लावला नव्हता. आत्या खुर्चीत बसून होत्या. त्यांनी काठीने टोपली ढकलली.

"उचला गं. एक नंबरचा माल आहे. परत अशी चूक या घराकडून व्हायची नाही."

आधी शिंप्याने पिशवी उघडली. मग मुकादमबाईंनी पदर पसरला, आणि मग बघता बघता टेबल साफ झालं. थोरले खिडकीतून बघत होते. निर्यातीचा माल, जिथे त्यांनीच ठेवला होता तिथून, त्यांच्याच पाटीखालून चालला होता, आणि थांबवायला तोंड नव्हतं.

शेडमध्ये धाकटी ओलं फडकं घेऊन खडूचे पट्टे पुसत होती. धाकटे बादली धरून उभे होते.

"एक विचारू?" ती मान वर न करता म्हणाली. "आज बाईंना जे पहिलं हो म्हणालात. ते मनापासून होतं, की सवयीने गेलं तोंडातून?"

धाकट्यांनी बराच विचार केला.

"हो," ते म्हणाले.

तिला हसू आवरेना. तिने फडकं पिळलं आणि उरलेला पट्टा त्यांच्या पायाखालून पुसून काढला.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. ताटात उकडलेले बटाटे होते आणि कोबी. थोरल्यांनी बटाटा फोडला. आत काळी कीड होती. त्यांनी तो बाजूला सारून दुसरा घेतला. तो हिरवा होता आणि कडू लागला. तिसऱ्याला वास येत होता.

"हे कुठले बटाटे?" त्यांनी ताट लोटलं.

"कोठीतले," मोठ्या वहिनी म्हणाल्या. "सकाळी तुम्हीच टाकायला लावले होते. चांगले सगळे गेले गावात. घरात दुसरं काही नाही."

"हे असलं कोण खातं?"

चिरंजीवांनी कोबीचं पान उलटून बघितलं आणि चमचा खाली ठेवला. धाकटी खाली मान घालून बसली होती. आत्यांनी आपल्या बटाट्याचा कुजका भाग सुरीने नीट कापून काढला, उरलेल्यावर मीठ घातलं आणि तोंडात टाकला.

"तुझ्या वडिलांनी जगवलेलं गाव," त्या म्हणाल्या. "जेव मुकाट्याने."